निळा डबा भंगारात जाण्याआधी कुणीतरी मोजून ठेवा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात आपल्या अंकाच्या आतल्या पानावर एक छोटं छायाचित्र आलं होतं. रेल्वेच्या यार्डात एका बाजूला ढकलून ठेवलेले जुने निळे डबे, चाकांपर्यंत वाढलेलं गवत आणि खाली जेमतेम दोन ओळी. पुष्कळांनी ते पान उलटलं असेल. मी मात्र भिंग घेऊन बसलो आणि खिडक्या मोजायला लागलो. फोटो तिरका काढलेला, त्यामुळे पलीकडच्या खिडक्या एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. ते कात्रण माझ्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेलं आहे, आणि हे पत्र त्याच्यामुळेच लिहितो आहे.

मी पावसजवळच्या एका वाडीतला. वय अडुसष्ट. एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनरूममध्ये फिटर म्हणून काम केलं. आता घराच्या पडवीत चौदा फूट लांबीच्या फळीवर माझी एक छोटी रेल्वे आहे. ती कोकण रेल्वे नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांतून कोळसा समुद्राला आणणारी नॉरफोक अँड वेस्टर्न नावाची रेल्वे होती, तिच्या प्रवासी गाड्यांचे डबे मी बनवतो. सत्त्याऐंशी पटीनं लहान. गावातली माणसं विचारतात, स्वतःची गाडी सोडून परक्यांची का? या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच हे पत्र आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९८१ साली मी चोवीस वर्षांचा होतो. आमचं जहाज कोळसा भरायला नॉरफोक बंदरात जायचं होतं. पोलंडमधल्या संपांमुळे तिकडचा कोळसा बंद पडलेला आणि सगळं जग अमेरिकेच्या दारात उभं राहिलेलं. नॉरफोकसमोरच्या हॅम्पटन रोड्स खाडीच्या पाण्यात त्या काळात शंभराहून जास्त जहाजं नांगर टाकून पडली होती. आम्ही सहा आठवडे नांगरावर होतो. रात्री डेकवर आलं की चहूकडे जहाजांचे दिवे. नारळी पौर्णिमा कॅलेंडरवरच झाली.

शेवटी लॅम्बर्ट्स पॉइंटच्या धक्क्याला लागलो. तिथं मी जे पाहिलं ते आजही डोळ्यांसमोर आहे. कोळशानं भरलेल्या दोन वाघिणी एका भल्यामोठ्या पोलादी पिंपासारख्या चौकटीत शिरायच्या. वरून पकडी आवळल्या जायच्या आणि अख्खी वाघीण, चाकांसकट, रुळासकट, उलटी व्हायची. एकेका वाघिणीत शंभर टनांच्या आसपास कोळसा. मिनिटभरात रिकामी. मग ती सरळ होऊन पुढं घरंगळायची आणि मागची जोडी आत. मी फिटर माणूस, पकडी कशा धरतात तेच बघत राहिलो. प्रत्येक वाघिणीच्या अंगावर त्या रेल्वेची पांढरी अक्षरं होती. ती अक्षरं मी सतत दोन दिवस वाचली.

गावात सुट्टीवर उतरलो तेव्हा खेळण्यातल्या रेल्वेचं एक दुकान दिसलं. काचेआड तीच अक्षरं, पण वाघिणीवर नव्हे, एका लालसर तपकिरी प्रवासी डब्यावर. दुकानदार म्हातारा होता. मी म्हटलं, ही तर कोळशाची रेल्वे, हिला प्रवासी कुठले? त्यानं स्टूल पुढं केलं आणि तासभर सांगत बसला. पाच दिवसांच्या ओव्हरटाइमचे पैसे देऊन मी तो डबा सुट्या भागांत विकत घेतला आणि बंकखालच्या ट्रंकेत कपड्यांत गुंडाळून ठेवला.

त्या म्हाताऱ्यानं जे सांगितलं त्यात नंतरच्या चाळीस वर्षांत मी पुष्कळ भर घातली. पोकाहॉन्टस भागातला कोळसा १८८३ पासून या रेल्वेनं नॉरफोकला येऊ लागला आणि कोळशाच्या पैशावर ही रेल्वे इतकी भक्कम झाली की तिनं आपली इंजिनं दुसऱ्याकडून घेण्याऐवजी रोअनोक गावातल्या स्वतःच्या कारखान्यात बांधली. १९५३ पर्यंत ती वाफेची इंजिनं बांधत होती आणि १९६० पर्यंत चालवत होती. बाकीच्या मोठ्या अमेरिकन रेल्वे तोवर डिझेलवर गेल्या होत्या. कोळसा ज्याच्या दारात, तो तेल कशाला विकत घेईल? १९४६ मध्ये त्यांनी नॉरफोक ते सिनसिनाटी अशी दिवसा धावणारी पोव्हाटन ॲरो सुरू केली, १९४९ मध्ये तिला पुलमन कंपनीचे नवे गुळगुळीत डबे आले. सगळे टस्कन लाल, वर सोनेरी रेषा. पुढं काळं इंजिन, त्याच्या अंगावर तोच लाल पट्टा. १९६९ ला ती गाडी बंद झाली. १९७१ मध्ये उरलेल्या प्रवासी गाड्याही गेल्या. म्हणजे मी नॉरफोकला पोचलो तेव्हा त्या लाल डब्यांत बसायला मला दहा वर्षं उशीर झाला होता.

आता मुद्द्याचं. ज्या गाडीत मी कधी बसलो नाही, तिचा डबा मी पावसमध्ये बसून बिनचूक कसा बनवू शकतो? कारण रोअनोकमध्ये त्या रेल्वेच्या इतिहासासाठी काम करणारं लोकांचं मंडळ आहे. निवृत्त कामगार, त्यांची मुलं, माझ्यासारखे नाद असलेले. रेल्वेच्या कार्यालयातले मूळ आराखडे त्यांनी सांभाळून ठेवलेत, हजारोंनी, आणि मागेल त्याला नक्कल विकत देतात. मी पहिला आराखडा मागवला तो जहाजावरून पत्र टाकून. रॉटरडॅमला एजंटानं पुठ्ठ्याची लांब नळी हातात दिली. केबिनमध्ये जमिनीवर तो कागद पसरला तेव्हा झोपायला जागा उरली नाही. खिडकीची चौकट किती इंच, सामानाची फळी किती उंचीवर, कोट अडकवायची खुंटी कुठं, दिवा कुठं, सगळं. नुसतं बघून समाधान होईना म्हणून चौथ्या इंजिनिअरला उठवून दाखवलं.

तो डबा ८५ फुटांचा. एक फुटाला साडेतीन मिलिमीटर या हिशेबानं फळीवर तो भरतो जवळजवळ तीस सेंटिमीटर. बाजूच्या भिंती मी अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पत्र्यातून कापतो. खिडकीचे चारही कोपरे गोल असतात, तिथंच हात ओळखला जातो. आधी बारीक भोक, मग करवतीच्या तुटक्या पात्याला धार लावून केलेलं माझं घरगुती हत्यार, मग गोल कानस, शेवटी पाण्यात भिजवलेला पॉलिशपेपर. एका बाजूला सहा संध्याकाळी जातात. दोन डब्यांमधला घडीचा पडदा काळ्या कागदाच्या चुण्या घालून करतो, कंदिलाच्या घड्या घालतात तशा. तळाशी शिशाच्या पट्ट्या चिकटवून वजन दोनशे ग्रॅमच्या जवळ आणावं लागतं, नाहीतर वळणावर डबा आडवा होतो. रंगाचं काम आगोटीच्या आत संपवायचं. आमच्याकडच्या पावसाळी हवेत लाल रंगावर पांढुरकी साय येते आणि सगळी मेहनत पुसून पुन्हा करावी लागते. जून ते सप्टेंबर माझे सगळे डबे कपाटात असतात, आत एक जुना पिवळा बल्ब सतत जळत ठेवलेला.

एका आराखड्याबद्दल सांगितलंच पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाआधीचा जड बांधणीचा डबा होता. डब्याच्या मध्यावर एक आडवी भिंत आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना वेगवेगळे संडास. मला वाटलं पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग असेल. तसं नव्हतं. व्हर्जिनियात १९०० साली कायदा झाला की काळ्या प्रवाशांना वेगळा डबा किंवा डब्यात भिंत घालून वेगळा भाग द्यायचा. शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात असा रेल्वेचा कायदा नव्हता. कोळशाच्या त्याच पट्ट्यातली ही दोन राज्यं, खाणीत खाली एकाच काळोखात काम करणारी माणसं, आणि वर गाडी व्हर्जिनियात शिरली की मधली भिंत कायद्याची व्हायची. राज्याराज्यांत जाणाऱ्या गाड्यांतली ही फाळणी १९५६ च्या जानेवारीपासून बंद करण्याचा हुकूम निघाला. वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयात असा एक खरा डबा आहे, सदर्न रेल्वेचा १२०० नंबरचा. २०१३ मध्ये तो क्रेननं खड्ड्यात उतरवला आणि संग्रहालयाची इमारत मग त्याच्याभोवती बांधली, कारण नंतर तो दारातून आत जाणं शक्यच नव्हतं.

ती भिंत वगळून डबा केला असता तर बाहेरून कुणालाच कळलं नसतं. छप्पर लावलं की आतलं दिसत नाही. पण मी मुंबईहून एस.टी.नं येताना शेकडो वेळा महाडवरून आलेला माणूस. चवदार तळं माहीत असलेल्याला अशी भिंत गाळता येत नाही. तीन सेंटिमीटर उंचीचा तो तुकडा मी कापला, रंगवला आणि जागेवर बसवला. त्या डब्याचं छप्पर मी चिकटवलेलं नाही, उचलून दाखवता येतं. शाळेतली मुलं येतात तेव्हा मी पहिल्यांदा तोच डबा दाखवतो.

आराखडे म्हणजे एवढं सगळं. मोजमाप ठेवलं म्हणून ही गोष्ट मला कळली. आणि आराखड्यांत जे नसतं तेही तिथं माणसांनी ठेवलं. विन्स्टन लिंक नावाचा न्यूयॉर्कचा एक धंदेवाईक छायाचित्रकार १९५५ पासून पाच वर्षं स्वतःच्या खर्चानं या रेल्वेमागे हिंडला. रात्रीच्या काळोखात ढिगानं फ्लॅशचे बल्ब एकाच क्षणी पेटवून त्यानं धावत्या गाड्यांचे फोटो काढले, फलाट, घरं, माणसं सगळ्यांसकट. इंजिनांचे आवाजसुद्धा ध्वनिमुद्रित केले. आज रोअनोकच्या जुन्या स्टेशनात त्याच्या फोटोंचं संग्रहालय आहे.

आता आपला निळा डबा.

मी जहाजावरून घरी यायचो तो काळ आधी रात्रभर एस.टी.चा होता, कशेडीच्या घाटात जाग यायची ती खिडकीवर डोकं आपटून. मग १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. सात महिन्यांच्या करारानंतर रत्नागिरी स्टेशनात पहिल्यांदा उतरलो त्या दिवशी आई फलाटावर आली होती. तिनं डब्याला हात लावून मग तो कपाळाला लावला, देवळाच्या पायरीला लावतात तसा. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरल्यावर खिडक्या बंद करायची घाई, पानवलचा पूल आला की पोरांना उचलून दाखवणं, गणपतीत दिवा-सावंतवाडी पॅसेंजरला टॉवेल टाकून धरलेली जागा, सामानाच्या फळीवर बसून आलेले चाकरमानी, आपत्कालीन खिडकीतून आत घेतलेलं मखर, हे सगळं त्या डब्यात झालं. आमच्या दोन पिढ्यांचं येणंजाणं त्यात झालं.

हा डबा पेरांबूरच्या कारखान्यातला. १९५५ मध्ये तो कारखाना सुरू झाला, मूळ रचना स्वित्झर्लंडमधल्या श्लीरेन गावच्या कंपनीची. अशा रचनेचा शेवटचा डबा २०१८ च्या जानेवारीत तिथून बाहेर पडला. आता सगळीकडे जर्मन बनावटीवरचे एलएचबी डबे येतात. ते यायलाच हवेत, हे मी स्पष्ट लिहितो. अपघातात जुने डबे एकमेकांवर चढायचे, एकमेकांत घुसायचे. नव्या डब्यांची जोडणी तसं होऊ देत नाही, ब्रेकही चांगले. माझी नात ज्या गाडीत बसते ती नवीच असावी. जुने डबे चालवत ठेवा असं माझं बिलकूल म्हणणं नाही.

माझं म्हणणं एवढंच की ते नाहीसे होण्याआधी मोजून ठेवा. मी स्वतः प्रयत्न केला. डब्याची लांबी रुंदी छापील मिळते. नुसत्या सांगाड्याची लांबी २१.३३७ मीटर, म्हणजे माझ्या फळीवर २४५ मिलिमीटर. पण खिडकीपासून खिडकीचं अंतर? गज किती जाड, दोन गजांत किती जागा? वरच्या बर्थची साखळी कुठल्या कोनात लटकते? चाकांजवळ स्प्रिंगांच्या आत तेल भरलेल्या नळ्या असतात, त्यांचा आकार? मूळ आराखडे कारखान्यात नक्कीच असणार, पण माझ्यासारख्याला ते मागायची वाट ठाऊक नाही. एकदा गाडी फलाटावर थांबलेली असताना टेप लावून मोजायला गेलो तर ड्युटीवरच्या माणसानं हटकलं. त्याचं काहीच चुकलं नाही, तो त्याचं काम करत होता. मग परवानगीचा अर्ज कुणाकडे द्यायचा ते विचारायला एका कार्यालयात गेलो. तीन टेबलं फिरलो. तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी चहा दिला, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, असा अर्ज आजवर कुणी केलेलाच नाही." शेवटी वितीनं मोजलं. माझी वीत सव्वाआठ इंच. वितीच्या मापावर डबा होत नाही.

आणि कारखान्याचा आराखडा मिळाला तरी तो नव्या कोऱ्या डब्याचा असेल. पंचवीस वर्षं कोकणच्या पावसात धावलेल्या डब्याचा कागद कुठल्याच कारखान्यात नसतो. दारातल्या दांड्याचा निळा रंग जिथं हातांनी घासून आतलं लोखंड चमकायला लागलं ती जागा, छपराच्या कडेनं पाणी ओघळून उठलेला तांबेरा, पंखा फिरेना म्हणून जाळीतून पेन घालणाऱ्यांनी वाकवलेली तार, रेक्झिनला मारलेलं ठिगळ, सूचनांच्या पाटीची अर्धी खरवडलेली अक्षरं. यातले काही निवृत्त डबे मोटारगाड्या वाहायला घेतात. तेव्हा खिडक्यांवर पत्रा ठोकला जातो. गेल्या वर्षी तशी एक गाडी आमच्या फाटकावरून गेली. बंद खिडक्यांच्या जागा वेल्डिंगच्या रेषेवरून ओळखू येत होत्या. डब्यामागून डबे गेले, एकालाही खिडकी नाही. फाटक उघडलं तरी मी तिथंच उभा होतो.

दिल्लीत चाणक्यपुरीला १९७७ पासून राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे, मी पाहिलंय, फार चांगलं आहे. महाराजांचे डबे, जुनी इंजिनं. पण आमच्या पॅसेंजरचा साधा जनरल डबा आमच्या जिल्ह्यात, आमच्या मुलांना हात लावून बघता येईल असा हवा. अख्खा डबा उभा करायला जागा आणि पैसा लागतो, ते होईल तेव्हा होवो. मोजायला मात्र लागतात दोन दिवस आणि चार माणसं. रत्नागिरीत शासकीय तंत्रनिकेतन आहे, आयटीआय आहे. मेकॅनिकल ड्रॉइंग शिकणाऱ्या मुलांना पुस्तकातला नट-बोल्ट काढायला देतात, त्याऐवजी एका वर्षी यार्डातला एक डबा द्या. रेल्वेनं भंगाराचा लिलाव करण्याआधी फक्त दोन दिवस परवानगी द्यावी, सोबत त्यांचा माणूस ठेवावा. निघालेले कागद जिल्ह्यातल्या एखाद्या वाचनालयात ठेवावेत आणि कुणालाही छायाप्रत मिळावी. मला मुलांच्या शिक्षकांशी बोलायला आवडेल. जहाजाच्या पंपाचं मोजमाप शिकवत मी पुष्कळ पोरं तयार केली आहेत.

वाचकांनाही एक विनंती. आपापल्या घरातले जुने फोटो काढून बघा. कोकण रेल्वे नवीन होती तेव्हा सगळ्यांनी डब्याच्या दारात उभं राहून फोटो काढले आहेत. नवरा-नवरी, बारशाला आलेली मावशी, नोकरीला निघालेला मुलगा. माणसांच्या मागं डबा असतो. दाराची कडी, खिडकी, नंबर, त्यातलं काहीही दिसत असेल तर तो फोटो टाकून देऊ नका. मागच्या बाजूला साल आणि स्टेशन पेन्सिलीनं लिहून ठेवा. बॉलपेन नको, शाई पुढं उमटते.

एक तांत्रिक गोष्ट माझ्यासारखा नाद असलेल्यांसाठी. आपला रूळ १६७६ मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे सत्त्याऐंशी पटीनं लहान केला तर सव्वाएकोणीस मिलिमीटर. बाजारात मिळणारा परदेशी रूळ साडेसोळाचा असतो. त्यावर आपला डबा ठेवला की तो पाय जवळ घेऊन उभ्या राहिलेल्या माणसासारखा दिसतो. म्हणून मी रूळही हातानं घालायचं ठरवलं आहे. स्लीपर कापून झाले, चारशे आहेत. वळणाचं काय करायचं ते अजून सुटलेलं नाही. कोकण रेल्वेचं कमीत कमी वळण १२५० मीटर त्रिज्येचं, ते लहान करूनही चौदा मीटरच्या वर जातं. माझ्या पडवीत नाही मावणार. खळ्यात मावेल, पण ते पावसानंतर.

दिवाळीनंतर मी रिकामा आहे. यार्डात यायला सांगितलं तर माझी टेप, कॅलिपर आणि आरसा लावलेली काठी घेऊन येईन. डब्याखाली वाकून बघायला मुलं लागतील, माझे गुडघे आता वाकत नाहीत.

आपला,
एक निवृत्त जहाजी फिटर
पावस, जि. रत्नागिरी

(कृपया नाव छापू नये. मोजणीसाठी कुणाला संपर्क करायचा असल्यास आपल्या कार्यालयाकडे माझा पत्ता दिला आहे.)